इथलं की तिकडचं

आधी मीठ दोनदा पडलं.
आम्ही सात जण, शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत एका खोलीत.
कुणी काही बोललं नाही.
शालनवहिनींच्या आमटीला नाव ठेवायचं
म्हणजे आईच्या पत्रातल्या चुका काढायच्या.
पाणी घालून ओरपली.

मग एका मंगळवारी डबेच दोनदा आले.
साडेसातला, आणि पुन्हा नऊला,
तीच दोडक्याची भाजी, त्याच घडीच्या पोळ्या,
आणि दारात त्या, गाऊनवरच्या ओढणीला हात पुसत,
"आज जरा उशीर झाला रे पोरांनो."
मुबीन परकार म्हणाला, "चालतंय वैनी,"
आणि दुसरे डबे शेजारच्या नेपाळी पोरांना देऊन आला.
दार लागल्यावर आम्ही हसलो.
त्या हसण्याची लाज अजून घशात आहे.

मी एसी दुरुस्त करतो.
यंत्र एकदम बंद पडत नाही, एवढं मला कळतं.
आधी आवाज बदलतो. मग भिंतीवरून एक थेंब.
मग ऑगस्टातल्या एखाद्या दुपारी घरातले म्हणतात,
अचानक कसं काय झालं?

वहिनींचा आवाज बदलला होता.
"ते हे दे रे. ते. ज्यानं लाटतात."
लाटणं त्यांच्या हातातच होतं.

भास्कररावांना सांगायला मी गेलो,
बंदरावरच्या गोदामात, त्यांच्या रात्रपाळीला.
जिन्यावर तीनदा शब्द जुळवले, तिन्ही वेळा मोडले.
ते म्हणाले, "बस.
फ्रीजमध्ये पाकीट सापडतं, पाकिटात लसूण.
सात महिने मोजतोय मी.
वय अठ्ठावन्न तिचं, वय झालं म्हणू तरी कसं?
कुणाला सांगितलं, तर म्हणतील घरी पाठवा.
अरे, घर म्हणजे कुठे?
एकतीस वर्षं ती इथे चूल पेटवतेय."

दवाखान्यात सुदानी डॉक्टर, मऊ बोलणारा.
कागद पुढे केला: घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं.
वहिनींनी पेन्सिल धरली, आणि विचारलं,
"इथलं की तिकडचं?
तिकडे आत्ता बारा चाळीस."
हिशोब बरोबर होता. दीड तासाचा फरक,
मिनिटाचीही चूक नाही.
मी भाषांतर केलं. डॉक्टर हसला, आम्हीही.
मग त्यांनी काढलं.
बाराही आकडे उजव्या कडेला, एकमेकांच्या अंगावर,
डावीकडे काहीच नाही,
जणू तिथून पुढे समुद्रच.
भास्कररावांनी तो कागद चार घड्या करून
खिशात ठेवला, पगाराच्या पावतीसारखा.

आता आम्ही पाळीपाळीनं जातो.
कपाटांची दारं मी काढून टाकली,
दिसतं ते सापडतं.
मुबीननं मिठाच्या पुड्या बांधल्या, एका वेळेला एक.
खालचा पठाण दुकानदार,
वहिनी भलत्या वळणावर दिसल्या की गल्ला उघडा टाकून धावतो,
"अम्मा, चाय पियो," म्हणतो,
चहा होईस्तोवर आमच्यातला कुणीतरी पोचतो.
"आठवतं का?" हा प्रश्न नर्सबाईंनी बंद करायला लावला.
जालिंदरला ते जमत नाही,
जीभ चावतो आणि कांदा चिरायला घेतो.

कधी त्या रागावतात. चोर म्हणाल्या मला, परवा.
मी पुडी खिशातून काढून दाखवली,
मग बाहेर जाऊन गॅलरीत उभा राहिलो
बराच वेळ.

हात मात्र विसरलेले नाहीत.
कणीक अजून तशीच, कानाच्या पाळीएवढी मऊ.
अठ्ठावीस पोळ्या मोजायच्या.
एकोणिसाशी त्या थांबतात, आमच्याकडे बघतात,
आम्ही "वीस" म्हणत नाही,
पहिल्यापासून सुरू करतो, सगळे मिळून, मोठ्यानं.

काल त्यांनी विचारलं, "किती वाजले रे?"
मी म्हटलं, "इथले की तिकडचे, वहिनी?"
त्या हसल्या. तो जुना आवाज,
ज्यात काहीही गळत नव्हतं.
मग उत्तर न ऐकताच
परातीत पाणी ओतू लागल्या.
जरा जास्तच.
मी पिठाचा डबा पुढे सरकवला.